रस्त्यासाठी राखलेलं रान

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एका ओढ्याकाठी घेऊन जायचं आहे. ओढा आपल्याकडचा नाही, सिडनीतला आहे. तिथल्या विमानतळाला लागून कुक्स नदी वाहते आणि बॉटनी उपसागराला मिळते. या नदीला पश्चिमेकडून येऊन मिळणारा एक छोटा प्रवाह आहे, वॉलाय क्रीक. शहराच्या मध्यापासून जेमतेम दहा किलोमीटर. चहूबाजूंनी घरं, गोदामं, रेल्वे, डोक्यावर विमानं. आणि मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात वालुकाश्माचे कडे, निलगिरीच्या जातीची उंच झाडं, बँक्सिया, ग्रास ट्री, आणि जिथवर भरतीचं पाणी पोचतं तिथवर खारफुटी. ही खारफुटी म्हणजे आपली तिवरच, मुंबईच्या खाड्यांमध्ये उगवते तीच जात.

आता एवढ्या मोक्याच्या जागी हे रान उरलं कसं? उत्तर ऐकून हसू येईल. रस्त्यामुळे उरलं! कडे उभे, तिथं घर बांधणं अवघड, हे एक कारण झालं. पण दुसरं महायुद्ध संपल्यावर सिडनीचा विस्तार आखला गेला, तेव्हा या खोऱ्यावर मोठ्या रस्त्याचं आरक्षण पडलं. आरक्षण पडलं की काय होतं, हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना सांगायला नको. जागा अडकून राहते. रस्ता होत नाही आणि दुसरंही काही होत नाही. इथं कित्येक दशकं तसंच चाललं. एखाद्या रानाला सरकारी दिरंगाईचा इतका फायदा झाल्याचं उदाहरण मला तरी दुसरं आठवत नाही.

पण आरक्षण कधी ना कधी जागं होतंच. एम-फाइव्ह महामार्ग या खोऱ्यातून न्यायचं घाटू लागलं, तेव्हा १९८४ मध्ये आसपासच्या रहिवाशांनी वॉलाय क्रीक प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन केली. सिडनीला अशा भांडणाची परंपरा आहे. हंटर्स हिल भागातल्या तेरा गृहिणींनी केलीज बुश नावाची किनाऱ्यालगतची झाडी वाचवायचा चंग बांधला, आणि १९७१ मध्ये जॅक मंडी यांच्या बांधकाम कामगार संघटनेनं तिथं काम करायलाच नकार दिला. ‘ग्रीन बॅन’ची, म्हणजे निसर्ग वाचवण्यासाठी कामगारांनीच काम नाकारण्याची, सुरुवात ती. त्याच वळणाची माणसं वॉलायच्या काठीही होती.

या मंडळाची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. नकाशे, हरकती, निवेदनं हे सगळं त्यांनी केलंच. पण त्याबरोबर त्यांनी लोकांना खोऱ्यात फिरायला न्यायला सुरुवात केली. कारण तोवर शेजारपाजारच्या लोकांच्या लेखी हा ओढा म्हणजे घरामागचा उकिरडा होता. जुने टायर, बागेतला पालापाचोळा, फ्रिज, सगळं तिथंच ढकललेलं. जी जागा कुणी पाहिलीच नाही, ती गेल्याचं दुःख कुणाला होणार? तेव्हा आधी पायवाट, मग पत्रक.

१९९८ मध्ये सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बॉब कार यांच्या सरकारनं इथं रीजनल पार्क करायची घोषणा केली. रस्ता झालाच, पण जमिनीखालून. चार किलोमीटर लांबीचे जोडबोगदे खणले आणि डिसेंबर २००१ मध्ये ते वाहतुकीला खुले झाले.

इथं टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण बोगद्यातला धूर कुठं तरी सोडावा लागतोच, आणि तो सोडायची चिमणी उभी राहिली याच खोऱ्याच्या काठी, टरेला इथं. धूर गाळून सोडा, अशी मागणी करत स्थानिक लोक पुढं वर्षानुवर्षं भांडत राहिले. पुण्यात वेताळ टेकडीखालून बोगदे काढायची कल्पना निघाली, तेव्हा ‘बोगदा म्हणजे टेकडीला धक्का नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा काढून रस्त्यावर उतरले ते त्या बोगद्यांविरुद्ध आणि बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध. सिडनीत तोच बोगदा लोकांच्या पदरात पडलेला विजय होता. कुठल्या टेकडीला काय परवडेल ते तिथले झरे आणि तिथली हवा पाहूनच ठरवावं लागतं. तरी एवढं खरं की बोगदा मागितला तर चिमणी कुणाच्या दारात येणार, हे त्याच दिवशी विचारून ठेवावं.

आणि पार्क? घोषणा एका दिवसात झाली, पण जमीन कुणाकुणाची होती! काही रस्ते खात्याची, काही रेल्वेची, काही नगरपालिकांची. ती तुकड्या-तुकड्यांनी नॅशनल पार्क्स खात्याकडे यायला वर्षांमागून वर्षं गेली, आणि प्रत्येक तुकड्यामागं मंडळाची पत्रं होती.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते काम. तण काढण्याचं.

या खोऱ्याचा मोठा शत्रू आपल्या चांगल्या ओळखीचा आहे: घाणेरी. कुणी टणटणी म्हणतं. मूळची अमेरिका खंडातली ही झुडपं बागेची शोभा म्हणून आपल्याकडे आली, तशीच ऑस्ट्रेलियातही गेली, आणि दोन्हीकडे कुंपण ओलांडून रानात शिरली. तिच्या जोडीला प्रिव्हेट, मदीरा वेल आणि अशी बरीच मंडळी. त्यात भर पावसाच्या पाण्याची. वालुकाश्मावरची माती मुळात निकस, आणि तिथली देशी झाडं त्या निकस मातीलाच सरावलेली. वरच्या वस्तीतलं पाणी बागांमधलं खत, कुत्र्यांची घाण आणि साबण घेऊन उतरतं. त्यानं तण माजतं आणि देशी झाड मागं पडतं.

तुम्ही म्हणाल, मग जेसीबी लावून एकदाचं साफ करा. तसं करत नाहीत. सिडनीच्याच मॉस्मन भागातल्या आयलीन आणि जोन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० च्या दशकात आपल्या घराजवळच्या रानात स्वतः तण उपटत एक पद्धत बसवली. आपली सहज बुद्धी सांगते की सगळ्यात खराब कोपऱ्यापासून सुरुवात करावी. या बहिणींनी उलटं सांगितलं. रान जिथं सगळ्यात चांगलं आहे तिथून सुरू करा आणि खराब भागाकडे सरकत जा. माती कमीत कमी उकरा, उकरलीत तर पालापाचोळ्यानं पुन्हा झाका. आणि रान जेवढ्या वेगानं परत येईल तेवढ्याच वेगानं पुढं जा, त्याहून घाई नको. म्हणजे रोपं लावण्याचा सोहळाही फारसा नाही. मातीत झोपलेलं बी आपलं आपण उठतं.

वॉलायच्या काठी स्वयंसेवक हेच करतात. गुडघ्यावर बसून, लहान चाकू आणि कात्र्या घेऊन. घाणेरीसुद्धा एका झटक्यात काढत नाहीत, कारण तिच्या काटेरी जाळीत फेअरी रेनसारखे चिमुकले पक्षी आसरा घेतात. त्यांना दुसरी झाडी मिळेपर्यंत शत्रूलाही थोडी मुदत द्यावी लागते. फोटोत काही दिसत नाही असलं काम हे! वृक्षारोपणाला मंत्री येतात, तण उपटायला कोण येणार?

नुसतं कामच नाही, मौजही चालते. फेऱ्या निघतात, पक्षी पाहिले जातात आणि वटवाघळं मोजली जातात. टरेलाजवळच्या झाडांवर करड्या डोक्याच्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांची वसाहत आहे. पंख पसरले की जवळजवळ मीटरभर. ऑस्ट्रेलियात ही जात धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली आहे. दिवस मावळला की ती हजारोंच्या संख्येनं उडतात आणि एका रात्रीत दूरदूरच्या निलगिऱ्यांच्या फुलांवर जाऊन परागकण पोचवतात. उन्हाळ्यात उडता-उडता ओढ्यावर झेपावून पोट भिजवतात आणि मग फांदीला लटकून आपल्याच अंगावरचं पाणी चाटतात. ज्या पाण्याला लोक गटार म्हणत होते, त्याच्या काठावर आता माणसं कॅमेरे घेऊन उभी असतात.

सगळंच वाचलं, असं मात्र नाही. २०१६ च्या सुमारास वेस्टकनेक्स प्रकल्पातल्या नव्या महामार्गासाठी याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, बेव्हर्ली हिल्स भागात, आयर्नबार्क झाडांचा दुर्मीळ तुकडा तोडला गेला. मंडळ त्याविरुद्ध जोरात लढलं आणि हरलं. पण काम काही बंद पडलं नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं सिडनीत आहेत. नातवंडं सांभाळायला जाल, तेव्हा ऑपेरा हाउस तर बघालच. एका संध्याकाळी टरेला स्टेशनवर उतरा. रेल्वे या खोऱ्याच्या कडेनंच जाते, तेव्हा फार चालावं लागत नाही. सूर्यास्ताला ओढ्यापाशी पोचलात तर वटवाघळं उडताना दिसतील. डोक्यावर टोपी असू द्या, आणि वर बघताना तोंड मिटून ठेवा.

नमस्कार.