परवान्याबाहेरचे वैद्य

[दृश्य: लंडन, बार्बर्स हॉल. होल्बाइनचं चित्र]

मधोमध आठवा हेन्री, भोवती गुडघे टेकलेली मंडळी. राजाच्या हातून सनद घेतोय त्याचा शस्त्रवैद्य टॉमस व्हिकरी. 1540 साली लंडनचे न्हावी आणि शस्त्रवैद्य यांची एकच कंपनी, म्हणजे व्यावसायिकांचा संघ, झाली, त्याचं हे चित्र. चेहरे सावकाश पाहा. बाई एकही नाही.

बायकांची दखल कायद्यात मात्र आहे. 1511-12 चा कायदा तक्रार करतो: लोहार, विणकर, बायका, कुणीही उठतं आणि औषधपाणी करतं! मग परवाने द्यायचं काम सोपवलं बिशपांकडे. हो, बिशपांकडेच. 1518 मध्ये लंडनच्या वैद्यांचं कॉलेज निघालं; शिकवणारं नव्हे, परवाने देणारी वैद्यांची संघटना. शहर आणि भोवतालचे सात मैल त्यांच्या अखत्यारीत. परवाना नसेल तर महिन्याला 5 पौंड दंड. निम्मा राजाला, निम्मा कॉलेजला. फिर्यादी तेच, निवाडा करणारेही तेच.

याच हेन्रीच्या राजवटीत 1542-43 चा कायदा मात्र वेगळंच सांगतो. झाडपाल्याची जाण असलेल्यानं गळू, सूज, मुतखडा, हिवतापावर खुशाल औषध द्यावं. का? तर शस्त्रवैद्य पैशाशिवाय हात लावत नाहीत.

तरी 1581 मध्ये मार्गारेट केनिक्सला अडवलंच. नवरा कमवायच्या स्थितीत नव्हता. घर तिच्या औषधांवर चालायचं. राणी एलिझाबेथच्या वतीनं तिचा सचिव वॉल्सिंगम यानं कॉलेजला लिहिलं, हिला काम करू द्या. कॉलेजनं राणीचाही शब्द मोडला.

[दृश्य: ऑक्सफर्ड, बोडलियन ग्रंथालय. हस्तलिखिताचं पान]

ही ज्योतिष पाहून उपचार करणाऱ्या सायमन फोरमनची वही. रुग्णाचं नाव, वय, प्रश्न विचारल्याची वेळ. खाली आपल्या पत्रिकेसारखी चौकोनी कुंडली. रोग कोणता, माणूस वाचेल का, सगळं ग्रहांना विचारून. आज हसू येईल; पण ग्रह मानणारे पदवीधर वैद्यही तेव्हा होतेच. 1592 च्या प्लेगमध्ये फोरमन लंडनमध्येच राहिला, स्वतःच्या गाठी स्वतःच फोडल्या. पुढे कॉलेजनं त्याला बोलावलं, दंड केला, तुरुंगात टाकलं, पुन्हा बोलावलं. शेवटी 1603 मध्ये त्यानं केंब्रिजचा परवाना मिळवला.

[दृश्य: पानं उलटणारे हात]

1610 मध्ये, परवान्याविना वैद्यकी केली म्हणून कॉलेजनं तुरुंगात टाकलेल्या टॉमस बॉनमच्या खटल्यात न्यायमूर्ती कोक यांनी कॉलेजला फटकारलं. 1704 मध्ये विल्यम रोज या औषधविक्रेत्याच्या बाजूनं निकाल लागला आणि औषधविक्रेत्यांना उपचार सांगायची मुभा मिळाली. केनिक्ससारख्या बायका त्या मुभेत बसल्या नाहीत.