दारावरची नोटीस आणि दोघांचे खाते

पारोळा तालुक्यातील एका घराच्या दारावर खळीने चिकटवलेला हा कागद म्हणजे बँकेची ताबा नोटीस आहे. कडांना तो उन्हाने पिवळा पडला आहे. कर्जदार म्हणून त्यावर पतीचे नाव आहे आणि जामीनदार म्हणून त्याच्या भावाचे. कपाशी हातची गेली, पाठोपाठ दुकान बसले आणि हप्ता थकून नव्वद दिवस उलटल्यावर बँकेच्या दप्तरी घराचे कर्ज अनुत्पादित, म्हणजे थकीत (एनपीए), ठरले.

असा कागद एका दिवसात दारावर येत नाही. तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घेऊन थकबाकी वसूल करण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) नुसार बँकेला आधी मागणीची नोटीस देऊन ६० दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि कर्जदाराने त्यावर लेखी हरकत घेतली, तर ती अमान्य का, याचे कारण बँकेने १५ दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. नेमकी हीच संधी हुकते, कारण टपालाने आलेले पाकीट धास्तीपोटी कित्येक घरांत फोडलेच जात नाही. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क मात्र लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू नाही, म्हणून इथे शेत राहिले आणि घर अडकले.

आमच्या मते याहून अवघड प्रश्न आत, कपाटातल्या पासबुकात आहे. पतीच्या दुसऱ्या एका घेणेकऱ्याने दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा (वसुलीचा निकाल) मिळवला आणि पती-पत्नीच्या संयुक्त खात्यावर जप्तीचा आदेश आला. या खात्यात पत्नीच्या शिवणकामाचे आणि दुधाच्या बिलाचे पैसे जमा होतात. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ ही खात्यावरची अट पैसे कोणी काढावेत एवढेच सांगते. ते कोणाचे आहेत, हे त्या ओळीतून ठरत नाही, आणि हा फरक खाते उघडताना काउंटरवर कोणी समजावून सांगितला असता तर या माउलीची आजची धावपळ टळली असती.

एकट्याच्या नावावरील हुकुमाने दोघांचे खाते गोठवता येत नाही, हे बँकव्यवहारातील जुने तत्त्व आहे. तसा करार नसेल, तर एकाच्या कर्जापोटी बँकेनेही संयुक्त खात्यातील रक्कम परस्पर वळती करून घेऊ नये. आयकराच्या वसुलीत गोष्ट वेगळी आहे; आयकर कायद्यात संयुक्त खातेदारांचे वाटे, उलट सिद्ध होईपर्यंत, समान धरले जातात. प्रत्यक्षात आदेश हाती पडताच शाखा आधी व्यवहार थांबवते आणि मग आपला पैसा आपला आहे हे सांगण्याचे ओझे निर्दोष खातेदारावर येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली पत्नीला जप्तीवर हरकत घेता येते, परंतु त्यासाठी पुरावा हवा आणि विलंब चालत नाही.

म्हणून ओसरीवर, शिलाई मशीनशेजारी बसून, ती पेन्सिलीने पासबुकातील नोंदींवर खुणा करते आहे. दुधाच्या प्रत्येक बिलासमोर एक टिंब, आणि शिलाईच्या पैशांसमोर फुली. कापसाच्या पट्टीचे पैसे जमा झाल्याच्या दोन नोंदी तिने कोऱ्या सोडल्या आहेत, कारण ते पैसे पतीचे होते.