दिसते त्याहून ऐकू येते ते

रसिकहो, अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांपैकी तीन माझ्या मनात ठाण मांडून बसले आहेत. फ्रान्समधल्या २०२३ च्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत हे तिन्ही होते, आणि ते पाहताना मला प्रकर्षाने जाणवले की, दिग्दर्शक काय दाखवायचे नाकारतो आणि त्याऐवजी आपल्याला काय ऐकवतो, यावर चित्रपटाचा परिणाम फार मोठ्या प्रमाणात ठरतो.

जोनाथन ग्लेझर यांच्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट'च्या सुरुवातीला बराच वेळ पडदा काळाच राहतो आणि मिका लेव्ही यांचे अस्वस्थ करणारे संगीत तेवढे कानांवर पडत राहते. नाझींच्या ऑश्वित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हॉस याचे घर छावणीच्या भिंतीला लागून आहे. भिंतीच्या अलीकडे फुललेली बाग आणि खेळणारी मुले, तर पलीकडून गोळीबार, किंकाळ्या आणि न थांबणारी घरघर. भिंतीपलीकडचा संहार ग्लेझर एकदाही दाखवत नाहीत. एका प्रसंगात हॉसची बायको, कैद्यांकडून हिरावून आणलेला फरचा कोट आरशासमोर घालून पाहते, तेव्हा खिशात तिला लिपस्टिक सापडते आणि तीही ती ओठांवर लावून बघते. ज्या बाईची ती लिपस्टिक होती, तिचे नाव आपल्याला कळत नाही, चेहरा दिसत नाही, तरीही माझ्या मनात या चित्रपटातले सर्वांत ठसठशीत पात्र तीच आहे. ध्वनीसाठीचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले ते सर्वस्वी योग्यच झाले.

विम वेंडर्स यांच्या 'परफेक्ट डेज'मध्ये टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा हिरायामा फारच कमी बोलतो. कोजी याकुशो यांनी ही शांतता इतकी समृद्ध केली आहे की अधूनमधून येणारी कृष्णधवल स्वप्नदृश्ये मला अनावश्यक वाटली. जे चेहऱ्यावर आधीच उमटले होते, तेच ती पुन्हा सांगतात.

जस्टिन त्रिए यांचा 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' मात्र मी पुन्हा पुन्हा पाहीन. पतीच्या मृत्यूबद्दल खटला चाललेल्या लेखिकेच्या भूमिकेत सांड्रा ह्यूलर आहेत, ज्या ग्लेझर यांच्या चित्रपटात हॉसची बायको होत्या. पतीने चोरून ध्वनिमुद्रित केलेले भांडण न्यायालयात ऐकवले जाते आणि आपल्याला ते समोर घडताना दिसू लागते. पण शब्दांवरून प्रकरण हातघाईवर येते त्याच क्षणी त्रिए आपल्याला न्यायालयात परत आणतात, आणि पुढचे सगळे आपण तिथल्या लोकांबरोबर नुसते ऐकतो. कोणी कोणाला मारले, हे कानांनी ठरवायची वेळ आपल्यावर येते. पुढे दृष्टी अधू असलेला मुलगा डॅनियल वडिलांशी गाडीत झालेले बोलणे साक्षीत सांगतो, तेव्हा पडद्यावर ओठ वडिलांचे हलतात आणि आवाज मात्र मुलाचा येतो. ही आठवण आहे, की आईला वाचवण्यासाठी मुलाने रचलेली गोष्ट, याचे उत्तर त्रिए देत नाहीत. माझा कल आठवणीकडे आहे, कारण मुलाच्या आवाजात मला कुठेही घाई ऐकू आली नाही. परंतु तुमच्यापैकी कोणाला ती ऐकू आली असेल, तर त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे या आवाजाखेरीज दुसरा पुरावा नाही.