दाखल्याचा अर्ज लिहिण्याआधी

[दृश्य : सकाळचे साडेदहा. जिल्हा परिषद शाळेचं फाटक. आत परिपाठाची रांग, बाहेर मोटारसायकलवर थांबलेले वडील.]

निवेदन :
हे वडील शाळा पाहतात ती इथून, फाटकातून. पुढे वर्षभरात दोन-तीन सभा होतील, दोनदा प्रगतिपत्रकावर सही होईल. सहावीतली त्यांची मुलगी मात्र पाच वाजेपर्यंत आत असते. संध्याकाळी जेवताना शाळेचा विषय निघाला, की दोघं दोन वेगळ्या शाळांबद्दल बोलतायत असं वाटावं इतकं त्यांचं वर्णन वेगळं असतं. सहावी ते आठवीच्या वर्गांत हे फार होतं. त्याला कारणं आहेत आणि ती तपासता येतात.

[दृश्य : शाळेची इमारत. चार खोल्या जुन्या, दोन नव्या.]

महाराष्ट्रात पूर्वापार चौथीपर्यंत एक शाळा, सातवीपर्यंत मोठी शाळा आणि आठवीपासून हायस्कूल, अशी रचना होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे गट आहेत. गट कागदावर बदलले, पण गावोगावच्या इमारती तशाच राहिल्या. कुठे शाळा चौथीला संपते, कुठे सातवीला, कुठे आठवीचा वर्ग नंतर जोडलेला आहे. त्यामुळे मूल इथंच ठेवायचं की शाळा सोडल्याचा दाखला घेऊन दुसरीकडे हलवायचं, हा प्रश्न पालकांपुढे दर दोन-तीन वर्षांनी येतो. मुलाला त्यात सहसा कुणी विचारत नाही.

[दृश्य : सातवीचा वर्ग. फळ्यावर अर्धं समीकरण. शिक्षक शेजारच्या वर्गात.]

पालकांचा पहिला प्रश्न असतो, शिक्षक आहेत का? उत्तर येतं, आहेत. मुलाला विचारलं तर तो वेगळं सांगतो : गणिताचा तास मराठीच्या बाई घेतात.

दोघांचंही खरं आहे. कायद्यानुसार सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक लागतो. शिवाय विज्ञान आणि गणिताला एक, भाषेला एक, सामाजिक शास्त्रांना एक, असे किमान तीन विषयशिक्षक हवेत. यातली एक जागा रिकामी राहिली, तर दोघांनी तीन वर्ग सांभाळायचे. मग सहावी-सातवी एकत्र बसते आणि आठवीला ‘स्वाध्याय सोडवा’ असं सांगून काम दिलं जातं. हजेरीपटावर तास झालेला दिसतो, शिकवणं मात्र निम्मंच होतं. या वर्गांसाठी कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवलंय, म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. मुलाच्या वहीवरच्या तारखा पाहिल्या, तर त्यातले गणिताला किती मिळाले हे पंधरा मिनिटांत कळतं. सभेत ‘गणिताला कोण आहे?’ असं नाव घेऊन विचारणारा पालक हवा. ‘शिक्षक आहेत का?’ या प्रश्नाला होकारच मिळतो.

[दृश्य : दोन पुस्तकं शेजारी शेजारी. एक मराठी गणित, एक इंग्रजी.]

आता सेमी इंग्रजी. पट टिकावा म्हणून अनेक झेडपी शाळांनी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं. पालकांना यात खरा दिलासा आहे : फी नाही, व्हॅनचं भाडं नाही, आणि पुढे अकरावी सायन्सला मूल अडणार नाही.

बाकावर काय होतं ते पाहू. पाचवीपर्यंत मूल विभाजक आणि विभाज्य शिकलं. सहावीत तेच फॅक्टर आणि मल्टिपल होऊन येतं. अंश आणि छेद यांचं न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर होतं. मराठीत ‘अंश’ अपूर्णांकातही येतो आणि कोन मोजतानाही येतो, इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द. हे कुणी उलगडून सांगितलं नाही, तर मूल महिनाभर गोंधळतं. आकडेमोड त्याला येत असते, अडतं ते शाब्दिक उदाहरणात. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान, हे माहीत नसल्याने अख्खं उदाहरण राहून जातं आणि पेपर तपासणाऱ्याला वाटतं, याचं गणित कच्चं आहे. असं मूल मग हात वर करणं सोडून देतं. घरी पालक विचारतात, ‘इंग्रजीतून गणित जमतंय ना?’ ते ‘हो’ म्हणतं, कारण ‘नाही’ म्हटलं तर पुन्हा शाळा बदलायची चर्चा निघेल.

यावर साधा उपाय आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखायचे, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. आठवड्याला दहाच शब्द, पण ते त्याच आठवड्याच्या धड्यातले. आणि प्रत्येक शाब्दिक उदाहरण आधी मराठीत तोंडी सांगायचं, मगच मांडायचं. ज्या वर्गात हे पहिल्या दोन महिन्यांत होतं, तिथं सेमी चालतं. नुसती पुस्तकं बदलली, तर चालत नाही.

[दृश्य : प्रगतिपत्रक. बोट ‘ब-२’ वर थांबतं.]

घरी पोचणारी शाळेची सगळ्यांत विश्वासाची खूण म्हणजे प्रगतिपत्रक. ते वाचायला मात्र कुणी शिकवत नाही. ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के. पालक समाधानाने सही करतात. पण हे गुण दोन वाटांनी येतात. एक आकारिक मूल्यमापन : निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, प्रकल्प, वर्गकार्य. दुसरं संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. सहावीत दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा, सातवी-आठवीत ४० आणि ६०. छान प्रकल्प आणि स्वच्छ वही यांवर श्रेणी वर जाते. ते गुण खोटे नसतात, पण भागाकार येतो का, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला एक कोरा कागद घ्या आणि ८२४ भागिले ८ लिहून द्या. उत्तर १०३. सहावी-सातवीतली बरीच मुलं १३ लिहितात. आठाला आठने भाग गेला, एक. दोन खाली घेतले, भाग जात नाही, म्हणून लगेच चारही खाली घेतले, चोवीसला तीन. भाग न गेल्याचं शून्य लिहायचं राहून गेलं. ही घाईची चूक समजू नका. दशकाच्या घराची जाणीवच पक्की झालेली नसते, आणि पुढे दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, बीजगणित सगळं त्याच जागी अडकतं. मुलाला आपलं काहीतरी चुकतंय हे माहीत असतं, नेमकं काय ते माहीत नसतं. पालकांना मात्र ब-२ एवढंच दिसतं.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. आठवीला प्रत्येक विषयाचा पेपर ६० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला २१ हवेत. नापास झालं तर पुरवणी, तीही हुकली तर त्याच वर्गात राहावं लागतं. सातवीपर्यंत श्रेणीने झाकलेली चूक तिथं उघडी पडते, आणि घरी भांडण होतं ते मुलाशी.

[दृश्य : दुपार. भाताचं पातेलं, ताटांची रांग.]

खिचडीबद्दल थोडक्यात. या वयाच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा निकष आहे. वाटपाआधी शिक्षकाने चव घेऊन नोंद करायची असते. ती नोंदवही कोणताही पालक मागू शकतो. मुलांची तक्रार बहुतेक वेळा चवीची नसते, वरणात डाळ पातळ असण्याची असते.

[दृश्य : स्वच्छतागृहाचं बंद दार.]

इथे मात्र थांबायला हवं. सहावी ते आठवी म्हणजे बहुतेक मुलींची पाळी सुरू होण्याची वर्षं. तपासणीच्या कागदावर ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : आहे’ असं असतं आणि पालकही तेच मानतात. मुलीच्या लेखी ते असण्यासाठी चार गोष्टी लागतात : आतून लागणारी कडी, बादलीपर्यंत येणारं पाणी, झाकणाचा डबा आणि वर्गात कुणाला न विचारता जाता येण्याची मुभा. यातली एक नसली, तरी ती सकाळपासून पाणी पीत नाही किंवा महिन्यातले दोन-तीन दिवस घरी राहते. हजेरीत ‘आजारी’ अशी नोंद होते. कडी बसवायला एक कारागीर आणि अर्धा तास लागतो. ती वर्षानुवर्षं बसत नाही, कारण हा विषय सभेत काढणारं कुणी नसतं.

[दृश्य : पालकसभा. बहुतांश आया. दोन पुरुष दाराशी.]

खरं तर सभेला मोठे अधिकार आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा आणि शाळा विकास आराखडा या समितीनेच करायचा. गडबड वेळेत होते. सभा सकाळी अकराला लागते. मजुरीवर गेलेल्याचा तो रोज बुडतो, म्हणून तो येत नाही. आलेल्यांच्या सह्या होतात, ठराव वाचला जातो, सभा संपते. हीच सभा सकाळी आठला किंवा दिवेलागणीला घेतली आणि प्रत्येक पालकाच्या हातात ठरावाआधी त्याच्या मुलाची वही दिली, तर बोलणं आपोआप भागाकारावर आणि कडीवर येतं.

[दृश्य : मुख्याध्यापकांचं टेबल. दाखल्याचं पुस्तक.]

जूनमध्ये या टेबलापाशी गर्दी असते. दाखला मागणं पालकाचा हक्क आहे, तो अडवता येत नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेशही नाकारू शकत नाही. पण एक हिशेब आधी करा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० गुण, ९० मिनिटं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. अट अशी, की पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं. सातवीत मूल विनाअनुदानित शाळेत हलवलं, तर ही परीक्षा त्याच्यासाठी संपली. तोवर ती मुलांच्या कानावरही आलेली नसते, कारण तयारीची गोष्ट आठवीत निघते.

दाखल्याचा अर्ज साध्या कागदावर चालतो. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मुलाला ८२४ भागिले ८ करायला द्या. उत्तर १३ आलं, तर ते दाखल्याबरोबर नव्या शाळेतही जाणार आहे. तिथं सहावीच्या मुलाला भागाकार पुन्हा शिकवायला कोण थांबेल, हे त्या शाळेत विचारून या आणि मग अर्जावर सही करा.

[दृश्य : कोरा कागद, पेन्सिल. पडदा काळा.]