‘आम्ही भरतो, ते घेतात’: ब्रिटनमधील सरकारी भत्ते आणि आपण

मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो,

मंडळाच्या मेळाव्यात राजकारण आणू नये हा आपला जुना संकेत मी आजवर पाळत आलो आहे. तरीही आजचा विषय मी मागून घेतला, कारण बेनिफिटवर, म्हणजे सरकारी भत्त्यांवर, जगणाऱ्या लोकांविषयी आपण एकमेकांत जे बोलतो ते राजकारणच असते, आणि ते आपण इतक्या सहजपणे बोलतो की तसे ते कोणाला वाटतही नाही. ‘आम्ही कर भरायचा आणि यांनी घरी बसून खायचे’ हे वाक्य मी याच सभागृहात ऐकले आहे, आणि ते बोलणारी माणसे मनाने वाईट नव्हती. रात्रपाळी करून आलेली, मुलांची शिकवणी, घराचा हप्ता आणि व्हिसाचे शुल्क यांचा मेळ घालता घालता दमलेली माणसे होती. त्यांच्या दमणुकीविषयी मला आदर आहे. ते वाक्य मात्र त्यांचे स्वतःचे नाही. ते या देशात फार आधीपासून तयार होते, आणि आपण इथे आल्यावर बाकीच्या गोष्टींबरोबर तेही उचलले.

किती आधीपासून, हे थोडे पाहू. गरिबांची जबाबदारी त्यांच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागावर, टाकणारा कायदा इंग्लंडमध्ये १६०१ साली झाला आणि तेव्हापासूनच ‘मदतीला पात्र गरीब’ आणि ‘आळशी गरीब’ अशी वाटणी रूढ झाली. १८३४ च्या कायद्याने तिला पक्की चौकट दिली: मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे राबवून घेणाऱ्या गरीबगृहात, जा, आणि तिथली स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या स्थितीपेक्षा वाईटच असली पाहिजे. म्हणजे मदत करायची, पण ती घेणाऱ्याला घेतल्याचा पश्चात्ताप होईल अशा रीतीने. १९०८ साली वृद्धांना पेन्शन देण्याचा कायदा झाला तेव्हाही ते आठवड्याला ५ शिलिंग मिळण्यासाठी ७० वर्षांचे होणे पुरेसे नव्हते. ऐपत असूनही वर्षानुवर्षे काम टाळल्याचे दिसले तर पेन्शन नाकारता येत असे. सत्तरीच्या माणसाच्या उभ्या आयुष्याचे प्रगतिपुस्तक तपासण्याची ही कल्पना आज हास्यास्पद वाटते, पण तिची वारसदार कल्पना मला आजही आपल्या बोलण्यात भेटते.

१९३१ साली बेकारांसाठी मिळकतीची तपासणी सुरू झाली आणि तिने या देशाच्या मनावर जो ओरखडा उठवला तो दीर्घकाळ टिकला. अधिकारी घरात येऊन कोण किती कमावतो, कोणती वस्तू विकता येईल, हे पाहत, आणि घरातल्या मुलामुलीची कमाई बापाच्या भत्त्यातून वजा होत असे. त्यामुळे कमावती मुले घर सोडून दुसरीकडे राहायला जात. अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांनी डिसेंबर १९४२ मधील आपल्या अहवालात वर्गणी भरून मिळणाऱ्या आणि मिळकत न तपासता द्यायच्या भत्त्यांवर भर दिला, त्यामागे हा अनुभव होता. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुना गरिबांचा कायदा औपचारिकरीत्या संपवला. कायदा संपला, त्याच्या मागची नजर संपली नाही, कारण नजर रद्द करण्याचा अधिकार कोणत्याच संसदेला नसतो.

ही नजर एकाच पक्षाची आहे असे मानण्याचे कारण नाही. १९९२ च्या हुजूर पक्षाच्या अधिवेशनात समाजसुरक्षा मंत्री पीटर लिली यांनी, मदत लाटणाऱ्यांची आपल्याकडे कशी यादी आहे, हे चक्क पद्यातून सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. २०१२ साली त्याच पक्षाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी पहाटेच्या अंधारात कामावर निघालेला कामगार आणि शेजारी पडदे ओढून झोपलेला बेनिफिटवाला असे चित्र रंगवले. (आपल्यातल्या कोणाही परिचारिकेने त्यांना सांगितले असते की, सकाळी ज्या घराचे पडदे ओढलेले असतात तिथला माणूस बहुधा नुकताच रात्रपाळीहून परतलेला असतो.) पण २०१५ साली मजूर पक्षाच्या रेचल रीव्ह्ज यांनीही, आमचा पक्ष बेनिफिटवर असलेल्यांचा पक्ष नव्हे, असे मुलाखतीत सांगितले होते. आणि जुलै २०२४ मध्ये, दोन मुलांपुरतीच मदत देण्याची २०१७ पासूनची मर्यादा उठवावी म्हणून आपल्याच सरकारविरुद्ध मत देणाऱ्या सात खासदारांना मजूर पक्षाने काही महिन्यांसाठी बाहेर बसवले; तीच मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याची घोषणा त्याच सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात केली. सोळा महिन्यांत गरीब मुलांची गरज बदललेली नव्हती. बदलले होते ते काय बोलणे राजकीयदृष्ट्या परवडते याचे गणित.

लोकांना प्रत्यक्षात काय वाटते, याचा एक नमुना मला फार बोलका वाटतो. कामगार संघटनांच्या महासंघाने २०१२ च्या अखेरीस एक जनमत चाचणी करवून घेतली. कल्याण खर्चातील, म्हणजे सरकारी भत्ते आणि पेन्शनवरील खर्चातील, सुमारे ४१ टक्के रक्कम बेकारांकडे जाते, असा लोकांचा सरासरी अंदाज निघाला. प्रत्यक्षात ती ३ टक्के होती. २७ टक्के रक्कम फसवणुकीने उचलली जाते असे लोकांना वाटत होते. सरकारचा स्वतःचा अंदाज ०.७ टक्के होता. चाचणी करवणाऱ्यांचा या विषयात हितसंबंध होता हे मी नाकारत नाही, आणि त्यानंतरच्या वर्षांत, विशेषतः कोविडच्या काळात, फसवणुकीचे सरकारी आकडे पुष्कळ वाढले हेही खरे आहे. पण समज आणि वस्तुस्थिती यांत दहा पटींहून मोठे अंतर असेल, तर ते केवळ अज्ञानाचे नसते. पैसा कोणाकडे जातो याविषयी कोणी तरी आपल्याला रोज एकच चेहरा दाखवत असते.

खरा चेहरा पाहायचा तर आपल्या पहिल्या दोन रांगांकडे पाहावे लागेल. कल्याण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग पेन्शनच्या वयातील लोकांकडे जातो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा स्टेट पेन्शनचा आहे. ‘ते आमचे हक्काचे, आम्ही भरलेले’ असे आपण म्हणतो, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु आपण भरलेला नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी समाजसुरक्षेची वर्गणी, कुठे आपल्या नावाने साठवून ठेवलेला नसतो. आजच्या पेन्शनरांचे पैसे आज काम करणारे भरतात, त्यात दुकानात किंवा केअर होममध्ये राबणारेही आले. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे बेकार आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा मुख्य भत्ता, घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे नोकरीत आहेत. त्यांना मिळणाऱ्या रकमेतला घरभाड्याचा भाग शेवटी घरमालकाच्या खात्यात पोहोचतो. या सभागृहातही घरे भाड्याने देणारे सभासद आहेत. मी हात वर करायला सांगत नाही.

कोणाची मदत काढून घेतली की आरडाओरडा होतो, यावरून पात्रतेची आपली उतरंड नीट दिसते. कोविडच्या काळात युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये दिलेली आठवड्याची २० पौंडांची वाढ ऑक्टोबर २०२१ मध्ये काढून घेतली गेली. विरोध झाला, पण निर्णय टिकला. २०२४ साली हिवाळ्यातील इंधनाची मदत बहुतेक पेन्शनरांना बंद झाली, तेव्हा मात्र एका वर्षाच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली आणि ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती पुन्हा मिळाली. पेन्शनरांची बाजू चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. वृद्ध माणूस आपल्याला स्वतःचा भविष्यकाळ वाटतो आणि बेकार माणूस तसा वाटत नाही, एवढाच त्या दोन प्रसंगांतला फरक मला दिसतो.

नियमांची रचनाच माणसाला लबाड कशी ठरवते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांत आजारी आईवडिलांची सेवा करणारे अनेक जण आहेत. आठवड्याला किमान ३५ तास दुसऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला केअरर्स अलाउन्स मिळतो. २०२४ साली तो आठवड्याला ८१.९० पौंड होता. त्यासोबत नोकरी करता येत असे, पण खर्च वजा जाता आठवड्याची कमाई १५१ पौंडांच्या वर एक पौंड गेली, तरी एक पौंड कापला जात नसे. त्या आठवड्याचा सगळा भत्ता जात असे. किमान वेतन वाढले, एखादी जादा पाळी केली, की माणूस नकळत रेषेपलीकडे. करखात्याकडून कमाईची माहिती संबंधित खात्यापर्यंत पोहोचत होती, तरी अनेकांना महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षे कोणी काही कळवले नाही, आणि मग हजारो पौंडांची वसुली समोर आली. काहींवर खटलेही झाले. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १९६ पौंड केली गेली, पण एका पौंडाने सगळा भत्ता घालवणारी ती कडा अजून तशीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे करून, कामावरून धावतपळत घरी येणारी बाई वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘जादा पैसे उचलणारी’ होते, ते अशा वाटेने.

आता आपल्याकडे वळतो. आपल्यापैकी अनेकांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, ही अट असते. आपण आयकर भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो, वर आरोग्य अधिभार म्हणून प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरतो, आणि अडचण आली तर युनिव्हर्सल क्रेडिटचे दार आपल्यासाठी बंद असते. यातून येणारी चीड मला समजते आणि ती न्याय्य आहे. परंतु ती चीड त्या अटीवर निघण्याऐवजी काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरातल्या शेजाऱ्यावर निघते, आणि हळूहळू ती अट म्हणजे आपल्या चारित्र्याचा दाखला असल्यासारखे आपण बोलू लागतो. ‘आम्ही एक पेनीसुद्धा घेत नाही’ हे विधान तसे खरेही नसते. आजारपणातील वैधानिक वेतन, बाळंतपणाचे वैधानिक वेतन, वर्गणीवर आधारलेला बेकारभत्ता ही सारी मदत आहे. ती फक्त कायद्याच्या व्याख्येत ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाही. २०२० साली कोविडमुळे काम थांबलेल्यांसाठीच्या फर्लो योजनेत सरकारने पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत, रक्कम दिली. आपल्यातल्या कित्येकांनी ती घेतली, घ्यायलाच हवी होती. तिला कोणी बेनिफिट म्हटले नाही, आणि घेणाऱ्याकडे कोणी आळशी म्हणून पाहिले नाही.

या अभिमानाची किंमत आपलीच माणसे मोजतात. गेली काही वर्षे मी एका सल्ला केंद्रात अर्ज भरून देण्याचे काम करतो. तिथे इतर समाजांतील वृद्ध येतात. आपले फार थोडे येतात, आणि आले तर ओळखीचे कोणी नाही ना, हे आधी पाहतात. कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी असलेल्या पेन्शन क्रेडिटला पात्र कुटुंबांपैकी साधारण एक तृतीयांश कुटुंबे या देशात अर्जच करत नाहीत. त्यात आपली किती आहेत हे सांगता येणार नाही, पण आहेत हे मी पाहिले आहे. पतीच्या मागे एकट्या राहणाऱ्या, थंडीत एकाच खोलीत हीटर लावणाऱ्या आजींना ‘लोक काय म्हणतील’ ही भीती वाटते. लोक म्हणजे कोण, तर आपणच. तरुण घरांत हेच वेगळ्या रूपात दिसते. एकाचे उत्पन्न ८०,००० पौंडांवर गेले की चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा भत्ता, पूर्ण परत जाते, म्हणून कायम वास्तव्य मिळालेली जोडपी तो अर्जच करत नाहीत. अर्ज करून रक्कम नाकारता येते, आणि तसे केल्यास घरी राहणाऱ्या पालकाच्या नावावर मूल १२ वर्षांचे होईपर्यंत नॅशनल इन्शुरन्सची वर्षे जमा होत राहतात. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षे लागतात, त्यामुळे बहुधा घरातल्या बाईचीच वर्षे बुडतात. ज्यांना हे लागू असेल त्यांनी मध्यंतरात मला जरूर भेटावे.

शेवटचा मुद्दा नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहखात्याने मांडलेल्या प्रस्तावांचा. कायम वास्तव्यासाठीची मुदत साधारणपणे ५ वरून १० वर्षे करावी, आणि ज्यांनी मधल्या काळात सरकारी मदत घेतली त्यांच्यासाठी ती १५, आणि वर्षभराहून अधिक काळ घेतली असेल तर २० वर्षे करावी, असे त्यात आहे. हलाखीमुळे व्हिसाची अट उठवून घ्यावी लागलेली माणसे यात सापडतील. आपण ज्या फुटपट्टीने शेजाऱ्याला मोजत होतो तीच आता आपल्यासाठी काढली गेली आहे, आणि ती काढताना वापरलेली भाषा आपल्याला ओळखीची वाटली तर नवल नाही.

या प्रस्तावांवरील आपल्या मंडळाच्या निवेदनाचा मसुदा कार्यकारिणीने मला वाचायला दिला होता. मसुदा चांगला आहे. त्यातले ‘आमच्या समाजाचा सरकारी मदतीवर कोणताही भार नाही’ हे वाक्य मात्र वगळावे अशी माझी विनंती आहे. एक तर ते आपल्या सर्वच सभासदांबाबत खरे नाही. शिवाय, ज्या कोणाला उद्या आजारपणात किंवा जोडीदाराच्या निधनानंतर अर्ज करावा लागेल, त्यांना ते वाक्य मंडळाच्या नावाने बाहेर काढते. त्या जागी, ठरलेल्या नियमांनुसार घेतलेली मदत कोणाच्याही वास्तव्याच्या अर्जाआड येऊ नये, अशी थेट मागणी करणारा परिच्छेद मी लिहून सचिवांकडे दिला आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीपूर्वी सभासदांनी तो वाचावा आणि आपले मत, विरोधातले असले तरी, लेखी कळवावे.