दाढेच्या बेचक्यात काय चाललंय

(दृश्य: मॉनिटरवर एक्स-रे उमटतोय)

ही खालची पहिली दाढ. वरचं पांढरंशुभ्र ते इनॅमल, खाली पाय फाकवून उभं राहावं तशी दोन मुळं, आणि त्या दोघांच्या मधल्या बेचक्यात हा काळा डाग दिसतोय ना, तिथे खरं तर हाड पाहिजे. राखाडी, जाळीदार. ते गेलंय.

काकू ओपीडीत आल्या त्या दाढेत घास अडकतो म्हणून. ब्रश करताना रक्त येतं, पण दुखत काहीच नाही, आणि हिरड्यांच्या आजारात बहुतेकदा हेच होतं, दुखत नाही म्हणून कुणी येत नाही. डायबेटीस आहे, मिश्रीची सवय जुनी.

बाहेरून ओपीजी काढून आणलाय त्यांनी. दोन्ही जबडे एका फोटोत, दिसायला भारी, पण मुळांच्या बेचक्यातलं बारीकसारीक बघायला तो पुरत नाही. त्यासाठी त्या एकाच दाढेचा छोटा एक्स-रे, आयओपीए.

(दृश्य: होल्डर, रिंग, सेन्सर, क्लोजअप)

आता हे नीट बघा. फोटो टिपणारा सेन्सर या होल्डरमधे बसतो, होल्डर काकू दातांत चावून धरतात, बाहेर ही रिंग आणि एक्स-रेच्या ट्यूबचं तोंड बरोब्बर या रिंगला लावायचं. म्हणजे सेन्सर दाढेला समांतर आणि किरण दोघांवर सरळ. जिभेच्या बाजूला टोचतं, काकूंचा चेहरा बघताय तुम्ही, पण 'हळूच चावा, नाकाने श्वास घ्या' करत ती इंटर्न बसवतेच. कारण ट्यूब जरा वर किंवा खाली झुकली की हाडाची कड फोटोत सरकते, गेलेलं हाड शाबूत दिसतं नाहीतर असलेलं गेलेलं. घाईघाईत बऱ्याच ठिकाणी पेशंटलाच बोटाने फिल्म धरायला सांगतात, मग त्या फोटोवरून हाड काय मोजणार, कप्पाळ!

(दृश्य: जुना फोटो)

जानेवारी १८९६, जर्मनीतलं ब्राउनश्वाइग. रोंटगेनचा एक्स-रेचा शोध नुकताच जाहीर झालेला, आणि ओटो वॉकहॉफ नावाच्या डेंटिस्टने काचेची प्लेट स्वतःच्याच तोंडात धरून दाढांचा एक्स-रे काढला. २५ मिनिटं न हलता! काकूंचा झाला एका बीपमधे.

(दृश्य: पुन्हा मॉनिटर)

इथल्या डॉक्टर मॅडम बोट फिरवतायत ती इनॅमल संपतं ती रेघ. निरोगी तोंडात तिथून साधारण दीड-दोन मिलिमीटर खाली हाडाची कड असते. इथे बघा ती कुठे गेलीये, पार बेचक्याच्या खाली, आणि मागच्या मुळाशी तर तिरकी खाच पडलीये.

पण एक्स-रेवर सगळं सोडू नका असं मॅडम विद्यार्थ्यांना परत परत बजावतात. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज जाईपर्यंत फोटोत फरक दिसतच नाही, त्यामुळे खरं नुकसान फोटोपेक्षा जास्तच असतं. वरच्या दाढांना तर तीन मुळं, टाळूकडचं तिसरं नेमकं बेचक्यावर येऊन सगळं झाकतं, नशीब असेल तर कडेला एक पुसट त्रिकोणी सावली दिसते.

म्हणून हा वाकडा प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, नेबर्स प्रोब म्हणतात, त्यावर काळे पट्टे. हिरडीखालून बेचक्यात घालायचा आणि किती आत जातो ते बघायचं. बेचक्यातलं हाड किती गेलंय त्याच्या, ग्लिकमन नावाच्या दंततज्ज्ञाने १९५३ मधे केलेल्या चार ग्रेड आजही वापरतात. आता बघा... गालाकडून शिरला आणि हे टोक जिभेकडून बाहेर. आरपार. ग्रेड तीन.

वेळीच धरलं नाही तर दाढ हलते, मग काढावीच लागते. काकूंची अजून हलत नाहीये. खोल क्लीनिंग आजपासून, पण बऱ्याच दाढांत बेचक्याचं तोंड एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद, हत्यारच धड शिरत नाही, तेव्हा फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतून सफाई, लागू शकते. शुगर आटोक्यात आणायची, मिश्री बंद.

आणि काही महिन्यांनी परत एक्स-रे, याच होल्डरने, याच अँगलने. नाहीतर हाडात फरक पडला की ट्यूब हलली, कळणार कसं?