931 जीबीचं गणित

(दृश्य: टेबलावर नवी हार्ड डिस्क. शेजारी चार जुन्या व्हिडिओ कॅसेटी.)

खोक्यावर लिहिलंय 1 टीबी, म्हणजे हजार जीबी. संगणक दाखवतो 931 जीबी.

आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटी उतरवून ठेवायला मी ही डिस्क आणली, आणि हा आकडा बघून तडक दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांत असंच येतं, दादा." उत्तर खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं आज सांगतो.

(दृश्य: पडद्यावर डिस्कची प्रॉपर्टीज खिडकी.)

डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जीबीच्या डावीकडे बाइट्सचा लांबलचक आकडा दिसेल. तो मोजा: एक लाख कोटीच्या वर भरतो. माल पुरता आहे. फरक पडलाय तो मापात.

डिस्क बनवणारे हजाराने मोजतात. हजार बाइट्सचा केबी, हजार केबींचा एमबी, तसंच पुढे. विंडोज मात्र 1024 ने मोजतं. हा आकडा आला रॅममधून, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या स्मृतीतून. तिथे प्रत्येक कप्प्याचा पत्ता शून्य आणि एक यांनीच लिहायचा. अशा दहा जागा घेतल्या की 1024 पत्ते होतात. हजाराच्या इतकं जवळ, म्हणून त्यालाच 'किलो' म्हणायची सवय लागली. केबीला फरक जेमतेम अडीच टक्के होता. पण तो दर पायरीला चढतो: जीबीला सात टक्क्यांच्या वर, टीबीला जवळजवळ दहा. लाख कोटीला 1,07,37,41,824 ने भागा. 931 येतात.

आपल्याकडे असं एकदा होऊन गेलंय. पूर्वी रुपयाचे पैसे 64 होते. 1 एप्रिल 1957 ला ते 100 झाले. दोन्ही नाणी बाजारात फिरत होती, म्हणून सरकारने नव्यांवर 'नये पैसे' असं छापलं. 'नये' हा शब्द 1964 मध्ये निघाला. संगणकातही 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने 1024 च्या मापांना वेगळी नावं दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. विंडोज आजही मोजतं गिबीबाइट आणि लिहितं जीबी. मला हे चुकीचं वाटतं. दोन मापांना एकच नाव ठेवलं की गिऱ्हाइकाचा संशय दुकानदारावरच जातो. ॲपलने 2009 पासून मॅकवर हजाराची मोजणी धरली. हीच डिस्क तिथे 1 टीबी दिसते.

(दृश्य: कॅसेट फिरतेय. पडद्यावर मांडव, अक्षता.)

चार कॅसेटी, चार तास. डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, पद्धतीने उतरवलं तर तासाला साधारण 13 जीबी, म्हणजे 52 जीबी. सगळं उतरल्यावर विंडोजने फाइल दाखवली 48 जीबीची. डिस्क ज्या मापाने कमी दिसली, त्याच मापाने लग्नही. आत अक्षतेचा एक दाणा कमी झालेला नाही.